एरंडाचं गुऱ्हाळ : साखर कारखान्यांच्या संचालकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील सहकारी साखर कारखान्यांचे सन्माननीय चेअरमन, व्हाईस चेअरमन, सर्व संचालक,
आणि खास करून चीफ इंजिनिअर साहेब व परचेस ऑफिसर साहेब यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्राचा मथळा वाचून घरची माणसं हसली. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कितीही पिळा, रस निघायचा नाही. मी ३१ वर्षं मिल हाउसमध्ये फिटर म्हणून काढली, तेव्हा कशातून रस निघतो आणि कशातून नाही, एवढं मला कळतं. पण हे पत्र खरोखरच एरंडाबद्दल आहे. एरंडेलापासून होणाऱ्या ग्रीसबद्दल.

मागणी आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्यातले बरेच जण इथून पुढचा कागद पी.ए.कडे देतील. सध्या सगळीकडे ओव्हरहॉलिंग चालू आहे आणि स्टोअरच्या निविदा निघताहेत. त्यात ग्रीसची जी एक ओळ असते, तिच्या दोन ओळी करा. एक, जिथं ग्रीस आत राहतं त्या जागांसाठी. दुसरी, जिथं घातलेलं ग्रीस कधीच परत येत नाही त्या जागांसाठी. पहिल्या ओळीला हात लावू नका. दुसऱ्या ओळीतून ‘मिनरल ऑईल बेस’ आणि ‘ड्रॉप पॉइंट किमान १८०’ (म्हणजे किती अंशांना ग्रीस वितळून थेंब पडतो तो आकडा) हे शब्द काढा आणि वनस्पती तेलाच्या, मातीत-पाण्यात कुजणाऱ्या ग्रीसला दार उघडं ठेवा. सरकारी भाषेत त्याला जैवविघटनशील म्हणतात. बस, एवढंच मागणं आहे.

आता का, ते सांगतो.

गाळप थांबलं की मिल हाउसचं पहिलं काम म्हणजे खालचे खड्डे साफ करणं. ऊस मिलकडे ओढून नेणाऱ्या केन कॅरिअरच्या वळणाखाली, दोन मिलांमधल्या इंटर कॅरिअरच्या बुडाशी, रोलर धरणाऱ्या हेडस्टॉकच्या पायथ्याला हंगामभराचा थर साचलेला असतो. ग्रीस, बगॅसचा म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्याचा चुरा, उसाबरोबर आलेली माती, आंबलेला रस, गंजाची पूड. रंग डांबराचा. वास आंबलेल्या काकवीचा आणि जळक्या ऑईलचा, दोन्ही एकदम. फावडं मारलं की रुततं, आणि उचलायला गेलं की चिखल फावड्याला सोडत नाही. मग दुसऱ्या माणसानं खुरप्यानं तो खरवडायचा. मी नवीन होतो तेव्हा पहिल्या दिवशी चपला तिथंच गेल्या, त्या निघाल्याच नाहीत. घमेल्यानं उचलून तो पोत्यात भरायचा. पोती पुढं कुठं जायची ते मी लिहीत नाही. आपापल्या कारखान्यामागचा उकिरडा ज्याला त्याला माहीत आहे. उरलेल्या फरशीवर होज मारायचा. पाणी गटारात, गटार ऑईल ट्रॅपमध्ये, तिथनं ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या जागी, आणि ट्रॅप भरलेला असला की सरळ ओढ्यात.

मी ज्या कारखान्यात होतो त्याचं नाव घेत नाही. चारही बाजूंनी चांगला कारखाना आहे, माझा ऊस अजून तिथंच जातो, आणि हे दुखणं एकट्या त्याचं नाही. माझं रान त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे. जून-जुलैत पहिला दांडगा पाऊस झाला की मोटारीच्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीला काळं कडं बसतं. पाण्यानं जात नाही, रॉकेलचा बोळा फिरवावा लागतो. ते कडं पुसताना मला माझं काम ओळखू यायचं. जानेवारीत मी साखळीला घातलेलं ग्रीस जुलैत माझ्याच मोटारीला.

एकदा वहीत मांडून बघितलं. केन कॅरिअर, इंटर कॅरिअर, बगॅस कॅरिअर यांच्या साखळ्या, पिना आणि बुश यांना मिळून पाळीला एक पाच किलोची बादली धरली. दिवसाला तीन पाळ्या. हंगाम १४० दिवसांचा. ४२० बादल्या, म्हणजे २१०० किलो. हा माझा अंदाज आहे, ऑडिट नव्हे. मोठ्या कारखान्यात जास्त होईल, छोट्यात कमी. पण त्यातलं परत किती आलं, या प्रश्नाला सगळीकडे उत्तर एकच आहे : काही नाही. मोटारीच्या बेअरिंगमध्ये भरलेलं ग्रीस तिथंच फिरत राहतं, जुनं झालं की आपण ते काढून ड्रममध्ये ठेवतो. साखळीवरचं ग्रीस मात्र बगॅसबरोबर बॉयलरमध्ये जातं, खड्ड्यात गळतं किंवा पाण्यानं वाहतं. म्हणजे आपण ते विकत आणतो, तेच मुळी सांडण्यासाठी. सांडायचंच आहे तर कुजणारं का सांडू नये, एवढा साधा हिशेब आहे हा.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. आमच्या घरी लाकडी चाकाची बैलगाडी होती. आसाला वंगण एरंडेलाचं. बांबूच्या नळकांड्यात तेल, त्यात तागाचा चोथा बुडवलेला, आणि नळकांडं गाडीखाली टांगलेलं. चाक बोलायला लागलं की वडील गाडी थांबवायचे, आसाची खीळ (कुणी) काढायची, चाक तुंब्यासकट चार बोटं बाहेर ओढायचं, चोथा आसावर फिरवायचा आणि चाक परत आत. मिनिटभराचं काम. गाडी ओढ्यातून जायची, त्यातलं थोडं तेल पाण्यात जायचंही, पण त्याचा कुणाला पत्ता लागत नसे.

विमानांचंही तेच. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या सिलिंडरच्या विमानांची इंजिनं एरंडेलावर चालली. १९०९ साली इंग्लंडात चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीनं एरंडेल घालून इंजिन ऑईल काढलं आणि इंग्रजीतल्या ‘कॅस्टर’वरून त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. आज त्या नावाची पाटी गावोगावच्या गॅरेजवर आहे, पण त्या नावात एरंड आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

आणि ही गोष्ट तर मला स्वतःला निवृत्त झाल्यावर कळली. ग्रीस म्हणजे मुळात तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. स्पंजात पाणी असावं तसं साबणाच्या जाळीत तेल बसलेलं असतं, दाब पडला की थोडं पाझरतं, दाब गेला की राहतं. डब्यात बहुतांश तेलच असतं, साबण दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. तुमच्या स्टोअरमध्ये जे लिथियम ग्रीस येतं, जगात सगळ्यात जास्त खपणारं, त्यातला साबण ज्या स्निग्धाम्लापासून करतात ते एरंडेलापासून निघतं. एरंडेलात हायड्रोजन घालून ते मेणासारखं घट्ट करतात आणि त्यापासून पांढरे पापुद्रे बनवतात. बाजारात त्याला ‘१२ एचएसए’ म्हणतात. जगाला लागणारं एरंडेल मुख्यतः आपल्या शेजारच्या गुजरातेतून जातं. म्हणजे तुम्ही आज जो ड्रम घेता, त्याच्या हाडात एरंड आधीच बसलेला आहे. फक्त मांस खनिज तेलाचं आहे. मी म्हणतो, मांसही एरंडाचंच का नको?

आता त्या ‘१८०’बद्दल. हा आकडा माझ्या जिवाला लागलेला आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

ड्रॉप पॉइंट काढायची रीत अशी. बुडाला भोक असलेल्या एवढ्याशा वाटीत ग्रीस लावायचं, थर्मामीटर सोडायचा आणि हळूहळू तापवायचं. भोकातून पहिला थेंब पडला की तो आकडा. लिथियम ग्रीसचा १८० ते २०० अंशांच्या घरात येतो. कॅल्शियमच्या जुन्या कप-ग्रीसचा शंभराच्या आत-बाहेर. एरंडाच्या आम्लाचं कोरडं कॅल्शियम ग्रीस असतं, त्याचा १३०-१४०. आकडा मोठा म्हणजे माल उंची, असा एक समज खरेदी विभागात रुजलेला आहे.

निवृत्तीनंतर एकदा मी एका डब्यात माझं ग्रीस घेऊन ऑफिसात गेलो होतो. साहेबांनी बोट बुडवलं नाही, वास घेतला नाही. विचारलं, “ड्रॉप पॉइंट किती?” म्हटलं, “१३५.” “मग नापास.” मी म्हटलं, “साहेब, पण साखळी किती तापते?” त्यावर त्यांनी चहा मागवला. माणूस चांगला होता. पण निविदेचा नमुना जुना, त्याच्याआधीच्या नमुन्यावरून उतरवलेला, आणि त्यात सगळ्या जागांना एकच ग्रीस.

साखळी किती तापते ते मी मोजलं होतं. पाऱ्याचा साधा थर्मामीटर, कापडात गुंडाळून लिंकला बांधला. भर हंगामात, दुपारी अडीच वाजता, ३४ अंश. सावलीतल्या माणसाला लागतं तेवढं ऊन. मिलच्या ब्रासवर, म्हणजे रोलरच्या बेअरिंगवर, ५२ आले होते. ब्रास साठीच्या वर गेली की आपण पाणी चालू करतो, बेअरिंग गरम झाल्याची बोंब होते, कुणीतरी चीफ साहेबांना फोन लावतो. मग ३४ अंशांच्या जागेला १८० अंशांची अट कशाला? घरातल्या पाटा-वरवंट्याला बॉयलर इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट मागण्यासारखं आहे ते.

साखळीला खरी गरज वेगळ्या गोष्टींची असते. ती हळू चालते, ओझं भयंकर असतं, वरून माती आणि पाणी. एवढ्या सावकाश गतीला पीन आणि बुशच्या मध्ये तेलाचा धड पापुद्रा तयार होत नाही. लोखंड लोखंडाला घासतं, आणि मध्ये जे काही चिकटून बसेल तेच वाचवतं. इथं वनस्पती तेल सरस ठरतं. त्याच्या रेणूचं एक टोक धातूला धरून बसतं, खनिज तेलाला तसा हात नाही. एरंडेलाला तर आणखी एक हात जास्त आहे, म्हणून ते इतर तेलांपेक्षा घट्ट आणि चिवट. ४० अंशांना त्याची घट्टाई (व्हिस्कॉसिटी) २५० सेंटिस्टोकच्या आसपास भरते. शेंगदाणा, सूर्यफूल ४०च्या जवळपास. फिटरच्या भाषेत सांगायचं तर बोटाला लागलं की साबणानं दोनदा धुवावं लागतं.

आता मी ते करतो कसं ते लिहितो. गुपित काही नाही, आणि कुणीतरी विचारणारच.

निवृत्त झाल्यावर गोठ्याच्या शेजारी पत्र्याचं शेड टाकलं. एक जाड बुडाचं पातेलं, गॅसची शेगडी, ढवळायला जुन्या ड्रिल मशीनला जोडलेला पंखा, थर्मामीटर, वजनकाटा. दहा किलोची खेप लावायची तर १२ एचएसए १ किलो २०० ग्रॅम. त्याला चुना लागतो साधारण १५० ग्रॅम, हिशेबानं १४८. तेल एरंडेल आणि करंजाचं, निम्मं-निम्मं. नुसतं एरंडेल घेतलं तर साबण त्यात जास्तच विरघळतो आणि ग्रीस धड धरत नाही. करंज खायचं तेल नाही, त्यामुळे कुणाच्या फोडणीतलं मी काढून घेत नाही.

आधी अर्धं तेल आणि एचएसएचे पापुद्रे पातेल्यात. पंचाहत्तर-ऐंशीला पापुद्रे वितळतात, तेल स्वच्छ होतं. मग चुना पाण्यात कालवून, ताकासारखा पातळ करून, थोडा थोडा सोडायचा. नव्वदच्या आसपास तास-दीड तास ढवळत राहायचं. आधी फुटल्या दुधासारखं दिसतं, मग एकदम जड होतं, पंख्याचा आवाज बदलतो. हा आवाज बदलला की समजायचं साबण झाला. मग सावकाश तापमान वाढवून पाणी उडवायचं, १३० पर्यंत. त्यानंतर गॅस बंद, उरलेलं तेल थंडच ओतायचं, ढवळायचं, आणि साठ-सत्तरला आलं की तेल खवट होऊ नये म्हणून बीएचटी टाकायचं. सगळ्यात शेवटी घोटायचं. कारखान्यात त्याला मिल असते. माझ्याकडे जुना पाट्याचा ग्राइंडर आहे, इडलीचा. बायकोनं तो स्वयंपाकघरातून कायमचा हद्दपार केलाय.

लिथियमच्या वाटेला मी गेलो नाही. त्याला दोनशेच्या घरात तापवावं लागतं आणि वनस्पती तेल तेवढ्या आचेवर करपायला लागतं. शिवाय लिथियम आता बॅटरीवाल्यांना हवंय. २०२२ साली त्याचे भाव कुठं गेले होते ते ग्रीसवाल्यांना विचारा. चुना आपल्याकडे पानाच्या टपरीवरही मिळतो.

पण त्याच चुन्यानं पहिली खेप घालवली. घरात उघडं पडलेलं जुनं पोतं होतं, तेच वापरलं. चुना हवा खाऊन खडू झालेला. साबण अर्धाच धरला, ग्रीस दाणेदार, बोटावर वाळू लागल्यासारखं, आणि आठवड्यात डब्यावर बोटभर तेल तरंगलं. दुसऱ्या खेपेला चुना ताजा होता पण मला घाई झाली. पाणी उडायच्या आत आच वाढवली आणि पातेलं दुधासारखं उतू गेलं. शेगडी, फरशी, माझा पायजमा. तिसरी खेप दिसायला सुरेख झाली, मऊ लोण्यासारखी. ती सूर्यफुलाच्या तेलाची होती. स्वस्तात मिळालं म्हणून. शेजाऱ्याच्या थ्रेशरच्या साखळीला लावली. दीड महिन्यानं तो साखळी घेऊन दारात उभा. साखळीला व्हार्निश बसलं होतं, लिंका वाकेनात. सूर्यफुलात, सोयाबीनमध्ये जे पातळ, हवेत सुकणारं आम्ल असतं ते जवसाच्या तेलासारखं वाळतं. रंगारी जवस वापरतो तो याचसाठी. एरंड-करंजात ते कमी. हे मला पुस्तकात वाचता आलं असतं, पण मी शेजाऱ्याच्या साखळीवर शिकलो.

ग्रीस कितपत घट्ट आहे ते मोजायला ठरावीक वजनाचा शंकू असतो. २५ अंशांना पाच सेकंदांत तो साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलीमीटर बुडाला तर ते दोन नंबरचं ग्रीस. माझ्याकडे तो नाही. ओळखीच्या एका प्रयोगशाळेत दोनदा मोजून आणलं, एकदा दोन नंबरला बसलं, एकदा दीडला. लपवत नाही. हातच्या खेपेत एवढं इकडं-तिकडं होतं. म्हणूनच मी म्हणत नाही की माझ्याकडून घ्या. माझी कुवत महिन्याला दोन-चार डब्यांची. मी म्हणतो निविदेत जागा करा, मग करणारे कारखानदार आपोआप उभे राहतील. जागाच नसेल तर कशाला कोण करील?

आता जिथं हे चालत नाही त्या जागा. फायब्रायझर (ऊस कुटणारं यंत्र), टर्बाइन, इलेक्ट्रिक मोटारी, पंप, जिथं वेग मोठा आणि ग्रीस वर्षभर आत राहायचं, तिथं याला हात लावू देऊ नका. तापमान आणि वेळ या दोन गोष्टींपुढं वनस्पती तेल हरतं. ते हवा खातं, आंबट होतं, घट्ट होतं. मिलच्या मोठ्या ब्राससाठीही मी आज आग्रह धरत नाही. तिथं लागणारं तेल साध्या एरंडेलापेक्षा बरंच घट्ट असतं. एरंडेलात गरम हवा फुंकून ते दाट करता येतं, पण ते काम गोठ्याशेजारी होत नाही. आणि ब्रासमध्ये तांबं असतं. तांबं तेलाला लवकर खवट करतं, हिरवं धरतं. तिथं आधी नीट चाचणी व्हायला हवी.

बेंटोनाइट मातीचं ग्रीस जिथं वापरात असेल तिथं त्याच्यावर हे थापू नका, दोन्ही मिसळून पाण्यासारखं पातळ होण्याची भीती. आधी जुनं पूर्ण पुसा.

आणखी एक गोष्ट, जी या ग्रीसचे विक्रेते तुम्हाला सांगणार नाहीत. कुजणारं आहे म्हणून नाल्यात सोडायला मोकळीक मिळत नाही. प्रदूषण मंडळाची तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे आणि त्या तपासणीत तेल खनिज की एरंडाचं, असा भेद नाही. उलट कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खातं, म्हणजे ईटीपीच्या बीओडीवर थोडा भार येतो. ट्रॅप तर साफ ठेवायलाच हवा. फरक पडतो तो ट्रॅपमधून निसटलेल्याचा, खड्ड्यातल्या पोत्यांचा, उकिरड्याचा. जगभर जी कसोटी मानतात तिच्यात २८ दिवसांत किमान साठ टक्के तेल जंतूंनी खाऊन संपवलं पाहिजे. वनस्पती तेलं ती सहसा पार करतात, साधं खनिज तेल पार करत नाही. माझ्या फूटव्हॉल्व्हला कडं बसायचं ते याच कारणानं. जानेवारीचा माल जुलैपर्यंत जसाच्या तसा.

फूड ग्रेड हाही वेगळा विषय आहे. वनस्पती तेलाचं म्हणून ते आपोआप रसात चालतं असं नाही. रसाच्या वरच्या जागांना फूड ग्रेडचा दाखला वेगळा मागा.

आणि महाग पडतं. हे तुम्ही विचारायच्या आधीच कबूल करतो. किलोला किलो लावलं तर साध्या ग्रीसपेक्षा महाग. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, सगळीकडे लावू नका. फक्त सांडणाऱ्या जागी. आणि तिथंही बादलीनं ओतण्याऐवजी ब्रशनं लावा, निम्मं पुरतं. ओतण्याची सवय आम्हा लोकांनाच लागली होती, कारण फुकटचं वाटायचं.

बाहेरदेशी लोक शहाणे झालेत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २०१३ पासून मोठ्या व्यापारी जहाजांना सांगून टाकलं की जिथं वंगण समुद्राच्या पाण्याला लागतं तिथं, अगदीच अशक्य नसेल तर, कुजणारंच वापरा. आयोवा राज्यात सोयाबीन उदंड पिकतं, तर तिथल्या विद्यापीठानं सोयाबीन तेलाचं ग्रीस करून रेल्वेच्या वळणांवर रुळांना लावायला दिलं. रुळावरचं ग्रीसही परत येत नाही. ज्यांच्या शिवारात जे पिकतं त्याचं त्यांनी केलं. आपण उसापासून इथेनॉल करतो, ते पेट्रोलमध्ये २० टक्के जातं, वार्षिक सभेत त्याच्यावर टाळ्या पडतात. त्याच कारखान्याची साखळी मात्र जमिनीखालच्या तेलावर सरकते. विषय क्रमांक अमुक, मंजूर, मंजूर.

मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथं माणसं आहेत, प्रयोगशाळा आहे. एका जागेला कोणतं ग्रीस आणि त्याला कोणत्या अटी, असा एक कागद त्यांच्याकडून करून घेतला तर सगळ्या कारखान्यांचं काम एकदम होईल. मला सुचतो तो फिटरी उपाय मात्र त्याहून सोपा आहे, आणि त्याला कुणाची मंजुरी लागू नये.

केन कॅरिअरच्या साखळ्या समांतर असतात. दोन, कुठं तीन. एकच ऊस, एकच माती, एकच वेग, एकच ओझं. येत्या हंगामात उजव्या साखळीला तुमचं नेहमीचं ग्रीस लावा, डाव्या साखळीला वनस्पती तेलाचं. डब्यांना रंग वेगळा द्या, नाहीतर रात्रपाळीचा ऑईलमन दोन्हीकडे एकच लावील. मीही तेच केलं असतं. ओव्हरहॉलिंगच्या वेळी नव्या पिना घालताना प्रत्येक बाजूच्या दहा पिनांना खूण करून व्हर्निअरनं जाडी मोजा, आकडे वहीत लिहा. गाळप संपलं की त्याच पिना काढा, रॉकेलनं धुवा आणि पुन्हा व्हर्निअर लावा. दोन्ही बाजूंच्या खड्ड्यांतला थरही वेगळा काढून बघा, फावडं कुठं कमी रुततं. हे काम माझ्यादेखत झालं तर मला आनंद आहे, नाही झालं तरी चालेल. डावीकडची पीन जास्त झिजली असेल तर परत हा विषय मी काढणार नाही.

ज्या कारखान्याची तयारी असेल त्यांनी निरोप द्यावा. पहिला पाच किलोचा डबा मी स्वतः एसटीनं घेऊन येईन. पैसे नकोत. येतो तेव्हा चीफ साहेबांनी फक्त अर्धा तास माझ्याबरोबर केन कॅरिअरच्या जिन्यावर उभं राहावं, थर्मामीटर मी आणतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मिल फिटर व ऊस उत्पादक सभासद,
कृष्णाकाठ

ता.क. : डबा रिकामा झाला की परत पाठवावा. आमच्या घरातला पोह्यांचा आहे आणि तो कुठं गेला म्हणून मला रोज विचारणा होते.